सहा लेकरांची आई आणि एक प्रयोग

गेल्या ईदला माझी भाची दोन्ही मुलांना घेऊन पुण्याहून आली होती. दुपारी जेवून सगळे आडवे झाल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. अंगातला कुर्ता लग्नानंतरच्या पहिल्या ईदला शिवलेला. शिंप्याने टिपा मारून तो आत घेतला होता, तरी पुढे सैलच पडत होता. आमच्या घरात आम्ही दखनीत बोलतो. तीही तोवर दखनीतच बोलत होती. पण हा विषय काढताना ती एकदम मराठीवर आली आणि नेमका तो एक शब्द तिने इंग्रजीत उच्चारला. "खाला, मी ब्रेस्टचं ऑपरेशन करून घ्यावं म्हणते. मोठे करायचं. डॉक्टरांना भेटून आले."

तिला दोन मुले. धाकट्याचे अंगावरचे दूध तोडून वर्ष होऊन गेले. पैसे तिने स्वतःच्या पगारातून बाजूला टाकलेले. नवऱ्याने "तुझं तू ठरव" असे सांगितले आहे. हे वाक्य उदारपणाचे की अंग काढून घेण्याचे, ते तिला कळेना. सासूबाईंनी निदान केले, "दोघांना दोन-दोन वर्षं पाजलंस, त्याचं हे." सल्ला तिला नको होता, तो पुष्कळ मिळाला होता. "तू वाचतेस ना? मग याच्याबद्दल वाचून सांग," एवढेच ती म्हणाली.

मी साधी बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई. वैद्यक मला कळत नाही, इतिहास मात्र वाचता येतो. जे वाचले ते रेडिओवर बोलू का, असे विचारले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी आधी चष्मा काढून पुसला. स्तन हा शब्द कर्करोगाच्या कार्यक्रमात चालतो, बालसंगोपनाच्या कार्यक्रमात चालतो. बाईला स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटते हे सांगायची वेळ आली की तोच शब्द अवघडून बसतो. असो. त्यांनी परवानगी दिली, हे महत्त्वाचे.

भाचीच्या प्रश्नाचा माग काढत मी जिथे पोचले ते गाव म्हणजे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातले ह्यूस्टन, आणि साल १९६२. तिथल्या जेफरसन डेव्हिस हॉस्पिटलमध्ये, म्हणजे गोरगरिबांसाठीच्या सार्वजनिक रुग्णालयात, टिमी जीन लिंडसे नावाची एक बाई आली. वय तिशीच्या आसपास, घटस्फोट झालेला, पदरी सहा मुले. एका मित्राच्या आग्रहावरून तिने छातीवर गुलाब गोंदवून घेतले होते. मित्र गेला, गुलाब राहिले. ते काढून टाकण्यासाठी ती आली होती. तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारले, आमच्याकडे एक नवीन वस्तू आहे, ती बसवून घेशील का? स्तनांचा आकार वाढेल. ती हे मागायला आलीच नव्हती. तिला खुपत होते ते तिचे कान. ते बाहेर आलेले आहेत, ते मागे घेता आले तर हवे आहे, असे तिने सांगितले. डॉक्टर म्हणाले, तेही करून देऊ. सौदा ठरला.

त्या वर्षीच्या वसंतात सुमारे दोन तासांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर होते फ्रँक जेरो आणि थॉमस क्रोनिन. कल्पना जेरो यांची. त्या काळात रक्त काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवायला सुरुवात झाली होती. अशी एक भरलेली पिशवी हातात दाबून पाहताना जेरो यांना तिचा स्पर्श स्त्रीच्या स्तनासारखा वाटला, अशी हकीकत सांगतात. मग डाउ कॉर्निंग या कंपनीच्या मदतीने सिलिकॉनच्या रबराची पिशवी आणि आत सिलिकॉनचाच घट्ट रस, अशी वस्तू तयार झाली. मागच्या बाजूला डेक्रॉनच्या कापडाचे ठिगळ, पिशवी जागेवरून हलू नये म्हणून. बाईच्या आधी ती एका कुत्रीला बसवली होती. कुत्रीचे नाव एस्मेराल्डा. टाके चावायला लागल्यावर काही आठवड्यांनी ती काढून घेतली आणि प्रयोग यशस्वी झाल्याचे ठरले. इथे मी पुस्तक खाली ठेवले. एका कुत्रीवर काही आठवडे, आणि पुढचा क्रमांक सहा लेकरांच्या आईचा.

टिमी जीन यांनी पुढे अनेकदा मुलाखती दिल्या, म्हणून त्यांची बाजू आपल्याला कळते. शुद्धीवर आल्यावर छातीवर हत्ती बसल्यासारखे वाटले होते, असे त्यांनी सांगितले. आपल्यात काय बदल झाला याची खरी जाणीव मात्र त्यांना दवाखान्यात झाली नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर पुरुष शिट्ट्या मारू लागले, तेव्हा झाली. त्या शिट्ट्या त्यांना नकोशा वाटल्या नाहीत, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मला ही बाई आवडली. तिने स्वतःला बळी म्हणवून घेतले नाही आणि वीरांगनाही नाही. पण तिच्या शरीरावरचा पहिला अभिप्राय रस्त्यावरून आला, हे काही माझ्या मनातून जाईना.

याआधी कुणी प्रयत्न केलेच नव्हते असे नाही. १८९५ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे व्हिन्सेन्झ चेर्नी या शल्यविशारदांनी एका गायिकेच्या स्तनातली साधी गाठ काढली. रंगमंचावर उभे राहणारी बाई. दोन बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून तिच्याच कमरेजवळची चरबीची गाठ काढून त्यांनी त्या पोकळीत बसवली. हे झाले दुरुस्तीचे काम. थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी यांनी पॅराफिन टोचण्याची रीत काढली, म्हणजे मेणबत्तीच्या मेणाच्या जातीचा पदार्थ. तो शरीरात गेल्यावर गाठी धरू लागला, जखमा चिघळू लागल्या. पुढे स्पंज आले, तेही आत आकसून कडक झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात पातळ सिलिकॉन थेट टोचले जाऊ लागले आणि ते लोण अमेरिकेत पोचले. त्याचेही परिणाम वाईटच. या यादीपुढे ह्यूस्टनची बंद पिशवी खरोखर शहाणपणाची वाटावी, अशीच स्थिती होती. क्रोनिन यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ती मांडली आणि तिला मागणी आली.

१९६२ साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. थॅलिडोमाइड नावाच्या औषधाने युरोपात हजारो बाळे हातापायांची व्यंगे घेऊन जन्माला आली होती. आयांनी ते गोळीच्या रूपात गरोदरपणी घेतले होते. त्या धक्क्याने अमेरिकेच्या संसदेने ऑक्टोबर १९६२ मध्ये औषधांचा कायदा कडक केला. प्रायोगिक औषध ज्याला द्यायचे त्याची संमती घेतली पाहिजे, हे कायद्यात आले. पण कायदा औषधांचा होता. शरीरात बसवायच्या वस्तूंना तो लागू नव्हता. म्हणजे टिमी जीन यांना ऐन शिशिरात तापाची एखादी नवी गोळी प्रयोगासाठी दिली असती तर त्यांच्या संमतीला कायद्याचे पाठबळ मिळाले असते; पण त्यांच्या छातीत कायमसाठी बसवलेल्या पिशवीला नाही. वस्तूंसाठीचा कायदा १९७६ मध्ये झाला, आणि तोवर बाजारात असलेल्या पिशव्या तशाच चालू राहिल्या.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खटकले ते १९८२ मधले एक पत्र. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, या पिशव्या सर्वात कडक तपासणीच्या वर्गात टाकण्याच्या विचारात होते. तेव्हा तिथल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने कळवले की, लहान स्तन हा खरे म्हणजे एक रोगच आहे, असे मानणारे वैद्यकीय मत वाढत आहे. त्या रोगाने स्त्रीला न्यूनगंड येतो, तिचे स्वास्थ्य हरपते, म्हणून उपचार गरजेचा.

प्लास्टिक सर्जरीचा विषय निघाला की आपण पुण्याच्या नाकाची गोष्ट अभिमानाने सांगतो. इंग्रजांच्या फौजेतल्या काऊसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या सैन्याने कापले आणि १७९३ च्या सुमारास पुण्यात एका कुंभार जातीच्या वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते छापून आले आणि तिथल्या शल्यविशारदांनी ती रीत उचलली. काऊसजीचे नाक कुणी कापले, ते ठाऊक होते. माझ्या भाचीचे काय कापले गेले? काहीच नाही. दोन मुले झाली, ती वाढली, त्यांना दूध मिळाले. मग बरे करायचे ते काय? त्या पत्राने या प्रश्नाला सोपे उत्तर दिले: बाईचे शरीरच आजारी आहे.

शरीराचे खरे काय होते, तेही वाचले. गरोदरपणात स्तनातल्या दुधाच्या ग्रंथी वाढतात, कातडी ताणली जाते. दूध तुटल्यावर त्या ग्रंथी आकसतात. आतला भरणा कमी होतो आणि ताणलेली कातडी तेवढीच राहते. उशी तीच आणि आतला कापूस कमी, तसे. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८४० मध्ये स्तनाच्या आतले जे बारीक धागे दाखवून दिले, तेही वयानुसार सैल पडतात. म्हणूनच सर्जन सांगतात की पिशवीने आकार भरतो, पण ओघळलेले वर उचलले जात नाही. त्यासाठी कातडी आवळण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते. दूध तुटून काही महिने जाऊ द्यावेत आणि आणखी मूल हवे असेल तर त्यानंतरच हा विचार करावा, असेही सांगतात. भाचीला हे डॉक्टरांनी सांगितले होते. चांगले डॉक्टर असावेत.

आणि सासूबाईंचे निदान? अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातले प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांच्याकडे मुले झाल्यावर हीच शस्त्रक्रिया मागायला येणाऱ्या बायकाही हेच म्हणत: बाळाला पाजले म्हणून असे झाले. रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बायकांची माहिती गोळा करून तपासली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केली. वय, किती वेळा दिवस गेले, वजन, आधीचा आकार आणि धूम्रपान, यांचा परिणाम दिसला. पाजण्याचा वेगळा परिणाम दिसला नाही. मी भाचीला हे फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "म्हणजे नसतं पाजलं तरी असंच झालं असतं?" हो, असेच. "अम्मींना सांगते," ती म्हणाली. सांगितले की नाही, ठाऊक नाही.

आमच्याकडे दूध बख्शण्याची रीत आहे. आई शेवटच्या आजारात मुलांना जवळ बोलावते आणि अंगावर पाजलेल्या दुधाचे देणे माफ करते. माझ्या आजीने माझ्या आईला आणि मामांना असे माफ केलेले मी लहानपणी दाराआडून पाहिले आहे. सगळे रडत होते. मामा तर हमसून हमसून. देण्याघेण्याच्या त्या हिशेबात आजीचे स्वतःचे शरीर कुठेच नव्हते. दूध होते, आठ लेकरे होती. ज्या देहातून ते आले त्याचे काय झाले, तो तिला आवडत होता का, हे तिला विचारायचे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. माझ्याही आले नाही. म्हणून भाचीला "एवढ्या सोन्यासारख्या मुलांच्या बदल्यात हे काय घेऊन बसलीस" असे म्हणणे माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले.

अमेरिकेतल्या कोर्टकचेऱ्यांची कथा लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. पिशव्या फुटत होत्या, त्यांच्याभोवती शरीर जे आवरण तयार करते ते आवळून स्तन दगडासारखे कडक होत होते. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका खटल्यात ज्युरीने कंपनीने फसवणूक केल्याचा निर्णय दिला. कंपनीची अंतर्गत कागदपत्रे मात्र न्यायालयाच्या आदेशाने बंद राहिली. एफडीएचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी १९९२ मध्ये सिलिकॉनच्या पिशव्या थांबवल्या. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी आणि संशोधनासाठीच त्या देता येतील असे ठरले. लाखो बायकांच्या शरीरात त्या तोवर होत्या. १९९४ मध्ये सव्वाचार अब्ज डॉलर्सची तडजोड ठरली, १९९५ मध्ये डाउ कॉर्निंगने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळे संशोधन तपासून सांगितले की, पिशव्यांमुळे सांधेदुखीसारखे सर्वांगाचे रोग होतात असा पुरावा सापडत नाही. फुटणे, कडक होणे, पुन्हा शस्त्रक्रिया लागणे, हा त्रास मात्र खराच आहे. २००६ मध्ये सिलिकॉन परत आले, आकार वाढवण्यासाठी किमान वय २२ अशी अट घालून.

वर्तमानपत्रांनी तेव्हा याला 'कंपनीची निर्दोष सुटका' म्हटले, काहींनी 'बायकांचा विश्वासघात'. मला त्यात एवढेच दिसते की जो प्रश्न बायका १९७० च्या दशकापासून विचारत होत्या, ही वस्तू माझ्या शरीरात किती दिवस टिकेल, त्याचे मोजून-मापून उत्तर देण्याची सक्ती कुणावर तीस वर्षे नव्हती. आणि कायदे कडक झाल्यावरही लबाडी थांबली नाही. फ्रान्समधली पीआयपी ही कंपनी कारखान्यात वापरायचे स्वस्त सिलिकॉन पिशव्यांत भरते, हे २०१० मध्ये उघडकीला आले. संस्थापक जाँ-क्लोद मास यांना २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्या एका दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे रक्तपेशींच्या कर्करोगाशी, निगडित असल्याचे दिसल्यावर अ‍ॅलर्गन कंपनीला त्या जगभरातून परत घ्याव्या लागल्या.

अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीएने असा नियम केला की, शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या बाईबरोबर डॉक्टरने एक छापील यादी वाचली पाहिजे आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तिची आद्याक्षरे घेतली पाहिजेत. यादी न वाचणाऱ्या डॉक्टरला कंपनीने पिशव्या विकायच्या नाहीत. १९६२ पासून मोजले तर एकोणसाठ वर्षे लागली. यादीतली भाषा साधी आहे. ही वस्तू जन्मभर पुरत नाही. जितकी जास्त वर्षे ती शरीरात राहील तितका त्रासाचा संभव वाढतो. पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. सिलिकॉनची पिशवी आतल्या आत फुटली तर बाहेरून कळेलच असे नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तीच तपासणी. पुढे मूल झाले तर पाजायला अडचण येऊ शकते.

हा नियम अमेरिकेतला, इथल्या डॉक्टरांवर बंधनकारक नाही. मी ती यादी मिळवली आणि पुढच्या खेपेला भाची आली तेव्हा दोघी चटईवर बसून वाचली. इंग्रजी वाक्य ती वाचायची, मी मराठीत म्हणायची. मध्येच एकदा तिने दखनीत विचारले, तपासण्यांचा खर्च कोण देणार? विम्यात बसतो का, हे विचारायचे तिने हातावर पेनाने लिहून घेतले. 'जन्मभर पुरत नाही' या वाक्यापाशी थांबून ती म्हणाली, "मी चौतीसची. म्हणजे साठीपर्यंत दोनदा तरी." मग स्वतःच म्हणाली, "बाळंतपणंही दोनदाच झाली." ती हसत होती, आणि ते हसणे होकाराचे की नकाराचे, ते मी विचारले नाही.

मी तिला टिमी जीन यांची गोष्ट सांगितली. त्या ऐंशीच्या झाल्या तरी त्या पिशव्या त्यांच्या शरीरातच होत्या. शस्त्रक्रियेला ५० वर्षे झाल्यावर, २०१२ मध्ये, त्यांनी एक गंमत सांगितली होती: त्यांना वाटले होते की ते आता कायम तसेच ताठ राहतील, पण ते इतर कुणाच्याही स्तनांसारखे वयाबरोबर ओघळले, याचे त्यांना आश्चर्य वाटले. भाचीने सगळे ऐकून घेतले. गुलाबांचे गोंदण, कुत्री, शिट्ट्या. धाकटा तेवढ्यात उठला आणि तिच्या मांडीवर येऊन कुर्त्याशी चाळा करू लागला. त्याला थोपटत ती म्हणाली, "आणि तिच्या कानांचं काय झालं खाला? ते केले का नीट?"

केले, मी सांगितले. कबूल केल्याप्रमाणे केले.